मुंबईच्या गोदींतील सागवानी जहाजें

इतिहासाच्या तासास एकदां मी नानकिंगच्या तहाची हकीकत सांगत होतों. इ. स. १८४२ च्या ऑगस्ट महिन्याच्या २९ व्या तारखेस इंग्रज व चिनी सरकारांमध्यें जो तह झाला, त्यावरील सह्या कोणत्याही राजवाड्यांत झाल्या नाहींत. यांगत्से नदींत नांगर टाकून उभ्या असलेल्या ‘कॉर्नवालिस’ नांवाच्या इंग्रजी लढाऊ जहाजावर त्या झाल्या. एवढें सांगून मी हाँगकाँगकडे वळणार, तोंच मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला आणि त्यानें विचारलें, “सर, तें जहाज बांधलें कोणीं?”

वर्गांत हंशा पिकला. हा मुलगा सुताराचा. त्याच्या आजोबांच्या हातचीं गाडीचीं चाकें आपल्या तालुक्यांत अजून कोठें कोठें दिसतात, आणि वडील आतां घरांचीं दारें-खिडक्या करतात. कोणतीही वस्तु दृष्टीस पडली कीं ती कोणीं केली, असें मनांत येणें त्यास स्वाभाविक होतें. मला मात्र उत्तर ठाऊक नव्हतें. ‘उद्यां सांगतों,’ असें म्हणून मीं वेळ मारून नेली. आणि तो ‘उद्यां’ उगवण्यापूर्वीं मला बरेच दिवस ग्रंथालयांत बसावें लागलें.

उत्तर सांपडलें तें असें. ‘कॉर्नवालिस’ जहाज इंग्लंडांत बांधलें गेलेंच नव्हतें. तें आपल्या मुंबईच्या गोदींत, जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी कारागिराच्या देखरेखीखालीं, आपल्याच देशांतील सागवानाचें, आपल्याच देशांतील सुतारांच्या हातून तयार होऊन १८१३ सालीं पाण्यांत उतरलें होतें. ज्या प्रश्नास वर्ग हंसला, त्याच्या पोटीं जवळजवळ दीडशें वर्षांचा इतिहास दडलेला होता. तो विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें थोडक्यांत मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपण शिरूरकर समुद्रापासून दूरचे. आपली घोडनदी सह्याद्रींत उगवते खरी, पण पश्चिम समुद्राकडे पाठ फिरवून ती पूर्वेस वाहते, भीमेस मिळते, भीमा कृष्णेस मिळते, आणि शेंकडों मैलांचा प्रवास करून आपलें पाणी बंगालच्या उपसागरास जातें. त्यामुळें जहाजांचा विषय आपणांस परका वाटल्यास नवल नाहीं. तथापि अगदींच संबंध नाहीं असेंही नाहीं. आपल्या गांवांत ज्या कर्नल वॉलेसची कबर आहे, तो १८०३ सालच्या मोहिमेंत आर्थर वेलस्लीच्या हाताखालीं लढला होता. याच वेलस्लीनें त्या वर्षीं अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) किल्ला घेतला. पुढें तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आला, व त्याच्या नांवाचें ‘वेलस्ली’ हें मोठें लढाऊ जहाज १८१५ सालीं मुंबईच्याच गोदींतून बाहेर पडलें. त्या जहाजाचा शेवट मोठा विलक्षण झाला; तो पुढें सांगेन.

जहाजें बांधण्याची विद्या आपल्या किनाऱ्यास इंग्रजांनीं शिकविली, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. कोंकणांतील व गुजराथेंतील सुतार फार प्राचीन काळापासून गलबतें बांधीत आले. शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर तेथील खाडींत लढाऊ गलबतें बांधविण्यास आरंभ केला. पुढें आंग्र्यांच्या आरमारानें पश्चिम समुद्रावर असा कांहीं दरारा बसविला कीं, इंग्रज, फिरंगी व वलंदेज या तिघांसही त्याची धास्ती असे. मुंबईच्या इंग्रज कंपनीस स्वतःच्या व्यापारी गलबतांच्या रक्षणासाठीं लढाऊ जहाजांची निकड भासूं लागली, त्याचें हेंही एक कारण होतें. तेव्हां मुंबईची गोदी म्हणजे ओसाड जागीं उगवलेलें झाड नव्हे. जुन्या खोडास तें नवें फूट होतें.

त्या काळीं मोठीं जहाजें बांधण्याचें मुख्य ठिकाण सुरत हें होतें. इ. स. १७३५ मध्यें कंपनीचा डडले नांवाचा अधिकारी एक जहाज बांधून घेण्याकरितां सुरतेस गेला होता. तेथें कामावर असलेल्या लवजी नसरवानजी नांवाच्या एका तरुण पारशी कारागिराची हुशारी व सचोटी त्याच्या नजरेंत भरली. त्यानें लवजींस मुंबईस येण्याविषयीं आग्रह केला. आपल्या मालकाचें हातीं घेतलेलें काम पुरें झाल्यावांचून व त्याची परवानगी मिळाल्यावांचून येणार नाहीं, असें लवजींनीं सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. परवानगी मिळाल्यावर, १७३६ सालीं, थोडे सुतार बरोबर घेऊन ते मुंबईस आले. गुजराथींत जहाज बांधणाऱ्यास ‘वाडिया’ म्हणतात. तेंच त्या घराण्याचें आडनांव झालें. या घराण्यांतील पुरुष पिढ्यान् पिढ्या गोदीचे मुख्य कारागीर होते, व त्यांच्या हातून लहानमोठीं मिळून तीनशेंहून अधिक जहाजें तयार झालीं.

सुरतेहून हा धंदा मुंबईस आला, याचीं कारणें भूगोलांत आहेत. तापीच्या मुखाशीं गाळ सांचत चाललेला होता, आणि मुंबईचें बंदर खोल, विस्तीर्ण व वाऱ्यापासून सुरक्षित होतें. शिवाय मुंबईस उधाणाच्या भरतीचें पाणी सुमारें पंधरा फुटांपर्यंत चढतें. ही भरती-ओहोटी म्हणजे गोदीचा फुकटचा मजूरच होय. सुकी गोदी म्हणजे काय, हें आपल्याकडील मुलांस ठाऊक नसेल म्हणून सांगतों. समुद्राच्या कांठीं दगडांनीं बांधून काढलेला एक लांबट व खोल हौद असतो, व समुद्राकडील बाजूस त्यास भक्कम दरवाजे असतात. भरतीच्या वेळीं दरवाजे उघडले कीं हौदांत पाणी भरतें व त्याबरोबर जहाज आंत येतें. ओहोटीबरोबर पाणी बाहेर गेलें कीं दरवाजे लावून घेतात, आणि जहाज लांकडी ठोकळ्यांवर कोरडें उभें राहतें. मग सुतारांनीं त्याच्या पोटाखालीं शिरून खुशाल काम करावें. नवें जहाज बांधावयाचें असल्यास तें याच हौदांत बांधतात, व पुरें झाल्यावर भरतीचें पाणी आंत घेतलें कीं तें आपोआप तरंगूं लागतें. मुंबईस अशी पहिली गोदी १७५० सालीं तयार झाली. आशियांतील आपल्या तऱ्हेची ती पहिलीच, असें सांगतात. तिला लागूनच १७६२ व १७६५ या सालीं आणखी दोन बांधण्यांत आल्या. पुढें मोठ्या लढाऊ जहाजांकरितां १८०७ ते १८१० या काळांत जी गोदी झाली, तिला गव्हर्नर डंकन यांचें नांव देण्यांत आलें.

आतां लांकडाविषयीं. इंग्लंडांत जहाजें ओक वृक्षाच्या लांकडाचीं बांधीत. ओकचें लांकूड बळकट खरें, परंतु एका मोठ्या लढाऊ जहाजास हजारों झाडें लागत. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजास सुमारें सहा हजार झाडें लागलीं, असें तें जहाज जतन करणारे सांगतात. नेपोलियनशीं युद्ध जुंपलें तेव्हां इंग्लंडांत चांगल्या ओकचा तुटवडा पडला, आणि घाईघाईनें ओलें लांकूड वापरलें जाऊं लागलें. त्याचा परिणाम असा झाला कीं, १८१० सालीं पाण्यांत सोडलेलें ‘क्वीन शार्लट’ नांवाचें प्रचंड जहाज समुद्रावर कामास जाण्यापूर्वींच कुजलेलें आढळलें!

आपल्या सागाची गोष्ट वेगळी. सागाच्या लांकडांत एक प्रकारचें तेल असतें, त्यामुळें त्याला कूज व कीड सहसा लागत नाहीं. तें वाळल्यावर फारसें आकसत नाहीं, कीं पाण्यांत फारसें फुगत नाहीं. ओकच्या अंगीं एक प्रकारचें आम्ल असतें व तें लोखंडी खिळ्यांस गंजवितें. सागांतील तेल उलट लोखंडाचें रक्षण करतें. ओला साग इतका जड असतो कीं तो पाण्यावर तरंगत नाहीं. म्हणून झाड तोडण्यापूर्वीं बुंध्याभोंवतींची साल व तिच्या खालचा ओला थर गोल कापून तें उभ्या उभ्याच वाळूं द्यावयाचें, अशी एक जुनी रीत आहे. अशा मुरलेल्या लांकडाचें जहाज दोन-दोन पिढ्या टिके. मुंबईच्या गोदीस लागणारा उत्तम साग मुख्यतः मलबारच्या जंगलांतून समुद्रमार्गें येत असे.

एवढ्या कामास माणसाची घाई आणि जंगलाची सवड यांचा मेळ बसेना. साग तोडण्याजोगा होण्यास माणसाचें आयुष्य जातें, आणि तोडावयास एक दिवस पुरतो. आरमारास लांकूड कमी पडूं नये म्हणून १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन यांस मलबारच्या जंगलांवर अधिकारी नेमण्यांत आलें. परंतु रक्षणापेक्षां तोडच अधिक झाली. अखेरीस १८४० नंतरच्या वर्षांत कॉनोली नांवाच्या कलेक्टरानें निलंबूर येथें सागाची मुद्दाम लागवड सुरू केली. त्या लागवडीचा कांहीं भाग केरळांत आजही उभा आहे. झाड लावणारा त्याचें जहाज झालेलें पाहत नाहीं, आणि निलंबूरच्या बाबतींत तर झाडें मोठीं होईपर्यंत लांकडी जहाजांचाच काळ सरून गेला. तरी लावणाऱ्याचें काम व्यर्थ गेलें असें कोण म्हणेल?

जहाज बांधण्याचा क्रम असा. प्रथम ठोकळ्यांवर जहाजाचा कणा मांडीत. पुढच्या टोंकास नाळ व मागच्या टोंकास सुकाणूचा खांब उभा करीत. मग माशाच्या कांट्याप्रमाणें दोन्ही अंगांस बरगड्या बसवीत व त्यांवर आंतून-बाहेरून जाड फळ्या ठोकीत. सुरतेकडील कारागिरांची फळ्या जोडण्याची एक खास रीत होती. एका फळीच्या कांठास खोबण पाडावयाची, दुसरीच्या कांठास तींत घट्ट बसेल अशी धार ठेवावयाची, आणि मध्यें कापूस व राळ घालून दोन्ही एकजीव करावयाच्या. सांधा इतका बेमालूम बसे कीं पाण्यास वाट राहत नसे. शेवटीं समुद्रांतील किडा लांकूड पोखरूं नये म्हणून पाण्याखालील भागास तांब्याचा पत्रा मढवीत.

यांतील एक गोष्ट आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांस चटकन् समजेल. बरगड्या व कोपऱ्यांचे आधार यांस वांकडें लांकूड लागतें. सरळ लांकूड तासून वांकडें केलें तर त्याचे तंतू मध्येंच तुटतात आणि जोर पडतांच तें मोडतें. म्हणून जें झाड वाढतांनाच वांकलें आहे, त्याचाच तुकडा निवडावा लागतो. आपल्याकडचा सुतार नांगराकरितां बाभळीचें खोड निवडीत असे तें असेंच. तो रानांत हिंडून मनाजोगता वांक असलेलें झाड हेरून ठेवी. पन्नास हात लांबीच्या जहाजाचा सुतार आणि शेतांतील नांगराचा सुतार यांची विद्या मुळांत एकच. सरपणास काढलेल्या वांकड्या लांकडांत योग्य जागा ओळखणारा डोळा असावा लागतो.

हा डोळा पुस्तकानें येत नसे. लवजींचे नातू फरामजी माणेकजी व जमशेटजी बमनजी हे मुख्य कारागिराच्या घरांत जन्मले होते. तरी आरंभीं त्यांस दरमहा बारा रुपयांवर साध्या सुताराचें काम करावें लागलें, असें सांगतात. घरच्या मोठेपणानें त्यांची वाकस-पटाशी चुकली नाहीं. पुढें हेच जमशेटजी (१७५४–१८२१) जहाज बांधणारांत सर्वांत नामांकित झाले. इंग्लंडच्या आरमारानें आपलीं मोठीं लढाऊ जहाजें मुंबईस बांधून घेण्याचें ठरविलें, तें त्यांच्याच भरंवशावर. १८१० सालीं त्यांनीं बांधलेलें ‘मिंडन’ हें ७४ तोफांचें जहाज पाण्यांत उतरलें. अशा वर्गाचें लढाऊ जहाज ब्रिटिश बेटांबाहेर इंग्रजी आरमारासाठीं तयार होण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर ‘कॉर्नवालिस’ व ‘वेलस्ली’ झालीं. जमशेटजींचे पुत्र नवरोजी यांच्या वेळीं ८४ तोफांचें ‘एशिया’ १८२४ सालीं तयार झालें, आणि १८२७ सालीं ग्रीसच्या किनाऱ्यावरील नवारिनोच्या लढाईंत अॅडमिरल कॉड्रिंग्टननें त्यावरच आपलें निशाण लाविलें होतें.

जमशेटजींविषयीं आणखी एक आख्यायिका आहे. १८०० सालीं त्यांनीं ‘कॉर्नवालिस’ याच नांवाचें दुसरें, लहान जहाज बांधलें होतें. तें पुष्कळ वर्षांनीं दुरुस्तीस काढलें असतां आंतील एका तुळईवर कोरलेला मजकूर सांपडला म्हणतात. गोरे लोक ज्यास शिवी देऊन ‘काळा’ म्हणतात, अशा एका माणसानें हें जहाज बांधलें आहे, असा त्याचा आशय होता. जहाज सोडण्याच्या समारंभांत असे शब्द कोणी काढूं शकला नसता. शाली, चांदीची मोजपट्टी, शाबासकीचीं पत्रें हीं उजेडांत मिळत होतीं. मनांतला सल मात्र अंधारांतल्या तुळईस सांगावा लागला. आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, ती दीर्घकाळ सांगितली गेली यांतच पुष्कळ अर्थ आहे.

या जहाजांपैकीं ‘ट्रिंकोमाली’ची कथा विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. तिचे नकाशे इंग्लंडाहून ‘जावा’ नांवाच्या जहाजावरून मुंबईस येत होते. १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन जहाजाशीं गांठ पडून ‘जावा’ नाश पावलें, व नकाशेही गेले. दुसरे नकाशे मागवावे लागले. कणा मांडतांना पारशी रिवाजाप्रमाणें त्यांत चांदीचा खिळा ठोकण्यांत आला, आणि १८१७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १२ व्या तारखेस जहाज पाण्यांत गेलें. त्यास दोनशें वर्षें उलटून गेलीं. शिडांचा काळ गेला, वाफेचा गेला, तोफांच्या जागीं क्षेपणास्त्रें आलीं. परंतु ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर तरंगत उभी आहे. पाण्यावर असलेल्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत ती सर्वांत जुनी होय. ज्यास आपल्या लोकांच्या हातचें काम पाहावयाचें असेल, त्यास तें असें परदेशीं जाऊन पाहावें लागतें.

‘कॉर्नवालिस’चें आयुष्यही कमी नव्हतें. लढाईचें काम संपल्यावर त्याचा धक्क्यासारखा उपयोग करण्यांत आला, व तें अखेर १९५७ सालीं मोडलें. आणि ‘वेलस्ली’? म्हातारपणीं त्याचें नांव बदलून त्यावर मुलांची शाळा भरविण्यांत आली होती. १९४० च्या सप्टेंबर महिन्यांत टेम्स नदीवर जर्मन विमानांनीं टाकलेल्या बाँबनें सव्वाशें वर्षांचें हें सागवानी जहाज जायबंदी होऊन बुडालें. शिडांच्या युगांतील मोठें लढाऊ जहाज विमानाच्या हल्ल्यानें बुडाल्याचें हें एकच उदाहरण आहे. पुढें तें वर काढलें तेव्हां त्याचें कांहीं लांकूड इतकें निकोप निघालें कीं लंडनच्या न्यायमंदिराच्या दुरुस्तीस तें वापरण्यांत आलें.

येथपर्यंतचा इतिहास वाचून छाती फुगावी हें योग्यच आहे. परंतु शिक्षकानें अर्धेंच सत्य सांगूं नये. ज्या नानकिंगच्या तहापासून मीं आरंभ केला, तो कोणत्या युद्धाचा तह? चीन सरकारनें आपल्या प्रजेस नासविणारी अफू १८३९ सालीं जप्त करून नष्ट केली, त्यावरून पेटलेल्या युद्धाचा. त्या अफूपैकीं पुष्कळशी आपल्याच माळव्यांत पिकून मुंबई बंदरांतून जात असे, आणि ती वाहणाऱ्या जहाजांत मुंबईस बांधलेलीं जहाजें होतीं. सुताराचा सांधा निर्दोष होता. त्यावरून वाहिलेला माल निर्दोष नव्हता. हातांतील कसब आणि त्या कसबाचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची चोख कमाई करणें पुरेसें नाहीं. दुसरीचा विचारही शहाण्या माणसानें केला पाहिजे. विद्यार्थ्यांनीं पुढें कोणताही धंदा पत्करला तरी हा प्रश्न त्यांची वाट पाहत उभा असेल.

आतां हा धंदा बुडाला कसा, तें पाहूं. एक कारण मत्सराचें. हिंदुस्थानांत बांधलेलीं जहाजें माल भरून लंडनच्या बंदरांत येऊं लागलीं, तेव्हां टेम्स नदीवरील जहाज बांधणारांनीं मोठी ओरड केली. पुढें १८१४-१५ च्या सुमारास पार्लमेंटानें केलेल्या कायद्यांनीं हिंदी खलाशांस ब्रिटिश खलाशी न मानण्याचें ठरलें, व जहाजावरील तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश असण्याची अट घातली गेली. आमच्या जहाजांस व आमच्या माणसांस ही अट जाचक झाली.

परंतु सगळा दोष दुसऱ्यावर टाकून मोकळें होतां येत नाहीं. दुसरें कारण वाफेचें व लोखंडाचें. आणि येथें वाडिया घराण्याची खरी थोरवी दिसते, कारण येऊं घातलेला काळ त्यांनीं ओळखला होता. १८२९ सालीं मुंबईच्या गोदींत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली, आणि पुढच्या वर्षीं ती वाफेच्या जोरावर मुंबईहून सुवेझपर्यंत गेली. १८३८ सालीं जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण चुलतभाऊ आगबोटी बांधण्याची विद्या शिकण्याकरितां विलायतेस गेले, चॅथमच्या सरकारी गोदींत राहून शिकले, आणि आपल्या प्रवासाचें वर्णन त्यांनीं इंग्रजींत लिहून १८४१ सालीं प्रसिद्ध केलें. याच घराण्यांतील अर्देशीर करसेटजी यांस त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडण्यांत आलें. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. पिढ्यान् पिढ्यांची विद्या घरांत असतां ज्यांस पुन्हां विद्यार्थी होण्याची लाज वाटली नाहीं, त्यांस आपण काय म्हणावें?

तथापि कारागीर शिकला तरी कारखाना त्याच्या एकट्याच्या हातीं नसतो. लोखंडी जहाजास लोखंड ओतण्याच्या भट्ट्या, मोठमोठीं यंत्रें व कोळसा लागतो; आणि हें सर्व येथें उभारण्याची राज्यकर्त्यांस गरज भासली नाहीं. मुंबईस बांधलेलें शेवटचें मोठें शिडाचें लढाऊ जहाज ‘मियानी’ १८४८ सालीं पाण्यांत उतरलें. १८६० सालीं इंग्लंडांत ‘वॉरिअर’ हें लोखंडी अंगाचें लढाऊ जहाज निघालें. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला व आगबोटींची सद्दी सुरू झाली. मुंबईच्या गोदींत नवीं जहाजें बांधण्याऐवजीं आलेल्या जहाजांची डागडुजी होऊं लागली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागांत मुख्य कारागिराची ती जुनी परंपरा संपली.

विद्या मात्र सर्वस्वीं संपत नसते. लवजींच्या काळच्या त्या दगडी गोद्या आज भारतीय नौसेनेच्या आवारांत आहेत. जवळच माझगांवच्या गोदींत स्वतंत्र भारतानें १९७२ सालीं ‘नीलगिरि’ ही युद्धनौका तयार केली, आणि तेव्हांपासून तेथें मोठमोठ्या पोलादी युद्धनौका व पाणबुड्या बांधल्या जात आहेत. मध्यें शंभरावर वर्षांचा खंड पडला. धागा पुन्हां जोडण्यास नव्यानें शिकावें लागलें.

ही सर्व हकीकत मीं वर्गांत सांगितली, तेव्हां या खेपेस कोणी हंसलें नाहीं. ज्या मुलानें प्रश्न केला होता, त्यानें थोडा विचार करून दुसरा प्रश्न केला: “सर, जमशेटजींचें नांव राहिलें; फळ्या बसविणाऱ्यांचें?” मीं त्यास सांगितलें कीं, नांवें पुस्तकांत एक-दोघांचींच राहतात, बाकीच्यांची सही त्यांच्या सांध्यांत असते. हार्टलपूलच्या पाण्यांतील ‘ट्रिंकोमाली’ दोनशें वर्षें टिकून राहिली आहे, ती त्या सह्यांमुळें.

पालकांस एवढीच विनंति आहे. आपला मुलगा वा मुलगी एखादी वस्तु पाहून ‘ही कोणीं केली, कशी केली’ असें विचारूं लागली, तर त्यांस हंसूं नये, आणि ठाऊक नसल्यास ‘उद्यां सांगतों’ असें सांगून विसरूंही नये. घरांत कोणतें कसब असेल तें मुलांस अवश्य दाखवावें, आणि त्याबरोबरच तें कसब उद्यां बदलणार आहे हेंही सांगावें. आपल्या शाळेच्या मागच्या बांकावर कोणत्या कामाचा पुढील कारागीर बसला आहे, हें आपणांपैकीं कोणास ठाऊक आहे?